तिप्पण्णाचा कान

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. यंत्रमागांच्या दोन शेडांमधल्या जागेत पत्र्याचं एक गॅरेज होतं. मालक तिप्पण्णा बिराजदार, मूळचा वळसंगचा. गावची जमीन थोरल्या भावावर, शिवप्पावर सोपवून तो विशीतच सोलापुरात आला, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकला आणि चाळिशीच्या आत त्याचं नाव झालं. नाव झालं ते कानामुळे.

गाडी आली की तिप्पण्णा इंजिन चालू करायला लावी. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून घेई. असं दोन-चार ठिकाणी टेकवून झालं की बॉनेटखालून मान वर न काढताच सांगे, "डायनॅमोचं बेरिंग चाललंय. दिवाळीपर्यंत ओढंल." डायनॅमो खोलला की तसंच निघे. जुनी गाडी घ्यायची झाली की शहरातले व्यापारी एकमेकांना सांगत, आधी तिप्पण्णाला ऐकवा, मग बोलणी करा.

तो कान कधी जायला लागला हे त्याला स्वतःला नेमकं सांगता आलं नसतं. बांगलादेशच्या लढाईच्या आसपास असेल. आधी बारीक आवाज गेले. बायकोच्या बांगड्या, सायकलची घंटी, उतू जाणाऱ्या दुधाची सुरसुर. मग बायका-पोरांचं बोलणं पुसट व्हायला लागलं. पुरुषांचे जाडे आवाज तेवढे उरले, तेही समोरून, जवळून. कुणी सांगितलं म्हणून त्यानं लसूण कढवलेलं तेल कानात घालून पाहिलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या दारापर्यंत एकदा गेला आणि रांगेत ओळखीचा ट्रकवाला दिसला म्हणून तसाच परत फिरला.

सांगायचं कुणाला? मिस्त्रीचा कान गेला म्हटल्यावर गॅरेजकडे कोण फिरकणार? आणि दुसरं म्हणजे, वळसंगात त्याच्या लहानपणी निंगप्पा नावाचा एक बहिरा माणूस होता. पोरं त्याच्या पाठीमागे जाऊन ओरडत आणि तो वळला नाही की हसत. मोठी माणसं त्याच्या समोरच त्याच्याबद्दल वाटेल ते बोलत, आणि निंगप्पा आपला सगळ्यांकडे बघून मान हलवत असे. ती हलणारी मान तिप्पण्णाला आठवायची आणि अंगावर काटा यायचा.

गॅरेजच्या जागेनं मात्र त्याला सांभाळून घेतलं. दोन्हीकडे माग धडधडत असायचे. त्या रस्त्यावर सगळेच ओरडून बोलत, हातांनी खुणा करत, ऐकू आलं नाही की "आं?" करत. मागवाल्यांच्या त्या गोंगाटात तिप्पण्णा चारचौघांसारखाच एक होता. हाताखाली माणूस त्यानं ठेवलाच नाही. दिवसभर बरोबर असणाऱ्याला कळल्याशिवाय राहिलं नसतं. लोक म्हणत, मिस्त्री फार शिष्ट, आपलं कसब कुणाला शिकवत नाही.

घरात गोंगाट नव्हता, तिथं अडलं. बायको महादेवी हळू बोलणारी. दोघं घरात कानडीत बोलत, तेही पहिल्यापासून बेताचंच. ती चुलीपुढे बसून, पाठमोरी, भाकरी थापता थापता दिवसभराचं सांगायची. त्याला ती बोलतेय हे कधी कळायचं, कधी कळायचंही नाही. उत्तर आलं नाही की ती वळून बघायची. तो ताटाकडे बघत असायचा. पुढे पुढे त्यानं आपणहून बोलणं कमी केलं. बोललं की उत्तर येतं आणि उत्तर आलं की ते ऐकावं लागतं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. एकुलती लेक लग्न होऊन श्रीपूरला गेली, जावई तिथं साखर कारखान्यात होता. लेक गेल्यावर त्या दोन खोल्यांत नुसतं भांड्यांचं आणि पावलांचं येणंजाणं उरलं. महादेवीनं मनाशी धरलं की ह्या माणसाला आता आपला कंटाळा आलाय.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी शिवप्पाची बायको अंथरुणाला खिळली. गावाकडून निरोप आला की महादेवीला पाठवता आलं तर बरं. महादेवीनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दारात चपला घालत असताना तिनं मागून विचारलं, "मी जाऊ का?" तिला वाटत होतं, तो म्हणेल, नको, मग माझं कसं व्हायचं? तिप्पण्णाला नुसती पुटपुट कानाला लागली. भाजी आणू का असं काहीतरी असेल असं त्याला वाटलं. त्यानं मान हलवली आणि बाहेर पडला. संध्याकाळी आला तेव्हा दाराला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्यांकडे.

तो तिला आणायला गेला नाही. ती रागावून गेली की शिवप्पाच्या बायकोसाठी गेली, हे विचारावं लागलं असतं आणि तिचं उत्तर ऐकावं लागलं असतं. शिवप्पाची बायको उन्हाळ्यात वारली. महादेवी तिकडेच राहिली, शेत आणि शिवप्पाचा संसार बघत. तिप्पण्णा खानावळीत जेवायला लागला. भिंतीकडे तोंड करून बसायचा, म्हणजे कुणी काही विचारलं तरी आपल्याला दिसत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेला तेव्हा सनई वाजवणाऱ्यांचे गाल फुगलेले दिसले. हलगीचा ठोका तेवढा छातीवर लागत होता. तो अर्ध्यातूनच घरी आला आणि नंतर जत्रेला गेला नाही.

पेट्रोल महागलं त्या साली लोकांनी मोठ्या गाड्या मिळेल त्या भावाला विकून टाकायला सुरुवात केली. धोंडीराम घाडगे नावाचा एक गृहस्थ सरकारी जीपवरून नुकताच रिटायर झाला होता. त्यानं एक जुनी अँबॅसिडर घेतली. अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या मंडळींना भाड्यानं नेऊन आणायचा त्याचा बेत होता. गाडी दिसायला ठीक, पण पहिल्या आठवड्यापासून रस्त्यात बसायला लागली. एके दिवशी ती एमआयडीसीजवळच बंद पडली आणि धोंडीरामनं दोघा सायकलवाल्यांना हाताशी धरून ढकलत ढकलत तिप्पण्णाच्या दारात आणली.

तो मागांच्या सुट्टीचा वार होता. सगळा रस्ता गप्प. अशा दिवशी तिप्पण्णा गॅरेज बंद ठेवायचा, कारण त्या दिवशी लोक साध्या आवाजात बोलत. त्या दिवशी तो फक्त एक डायनॅमो न्यायला आला होता. पण दारात उभी गाडी आणि घामेजलेला माणूस बघून त्याला नाही म्हणवेना.

धोंडीराम समोर उभा राहून, जीपच्या खडखडाटावर बोलायची सवय असल्यागत मोठ्यानं सांगू लागला. तिप्पण्णाला निम्मं कानानं कळलं, निम्मं ओठांवरून.

"मिस्त्री, सकाळी एका सेल्फमदी चालू हुती बघा. पाच-सा मैल गेली, तापली, की बंद. मग सेल्फ मारला की नुसतं टक्क. झाडाखाली वाईच थांबलं की पुन्यांदा चालू. बॅटरी नवी टाकली. कॉइल बदलली. एकजण म्हनला पेट्रोलात कचरा हाय, तर टाकी बी धुतली. गाडी नुसती खर्चात घालतीया."

"बसा आत," तिप्पण्णा म्हणाला. "मी हात केला की सेल्फ मारा."

त्यानं गाडीचं तोंड भिंतीकडे करून घेतलं आणि धोंडीरामला मोठे दिवे लावायला सांगितलं. सावलीतल्या भिंतीवर दोन पिवळे गोल पडले. मग हात केला. सेल्फ फिरला नाही, पण भिंतीवरचे गोलही मंद झाले नाहीत. बॅटरी बसलेली असती तर सेल्फ मारताच दिवे मिणमिणले असते. म्हणजे बॅटरीत करंट होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता, नाहीतर तिथून परत यायची वाट तुटली होती. त्यानं बॅटरीची टोकं घासून घट्ट केली. पुन्हा हात केला. पुन्हा तेच. मग त्यानं चोकच्या वायरीवर बोट ठेवलं आणि चटका बसून बोट मागे घेतलं.

तिप्पण्णाला मनातून बरं वाटलं. इंजिन रबरावर बसलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी एक जाड पट्टी असते आणि सगळा करंट त्या अर्थिंगमधून माघारी येतो. ती पट्टी तुटली की करंट सापडेल त्या वाटेनं परत जातो, मग ती चोकची बारीक वायर का असेना. तो गाडीखाली सरपटला. गिअरबॉक्सजवळ पट्टी होती, तेलानं माखलेली, वरून धड दिसणारी. बोटानं ओढली तशी नटापाशी सुटून हातात आली. आतून सगळी कुजली होती. गार असताना कशीबशी टेकलेली असायची. इंजिन तापून हललं की सुटायची आणि मग प्लगला ठिणगी नाही, सेल्फला ताकद नाही.

त्यानं जुन्या ट्रकची पट्टी कापून, दोन्हीकडचा गंज खरवडून ती बसवली. हात केला. सेल्फ गरकन फिरला, इंजिन चालू झालं. ते कळलं ते मडगार्डला टेकलेल्या पोटाला.

इथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण गिऱ्हाईक बघत होतं. त्यानं नेहमीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कानात काही आलं नाही. कित्येक दिवसांत आलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या हाताचा तळवा इंजिनच्या खालच्या अंगाला लावला. सगळी थरथर एकसारखी होती. फक्त खाली, ऑइलच्या टाकीच्या वर, मध्येच एक ठोका लागल्यासारखा वाटला. वाटला आणि गेला. जुनी गाडी आहे, इतकं असायचंच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

धोंडीराम खिडकीतून मान काढून काहीतरी बोलला. इंजिन चालू, मध्ये बॉनेट उघडं. ओठांचा अर्धाच भाग दिसत होता. चेहरा खुशीत होता. आता नेऊ का, असं विचारत असणार.

"काय होत नाही," तिप्पण्णा म्हणाला. "बिनघोर न्या."

पुढच्या आठवड्यात धोंडीराम पायीच आला. माग चालू होते. तो गॅरेजच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्या सगळ्या धडधडाटात हळू आवाजात बोलत राहिला. संतापलेला माणूस हातवारे करतो, ते तिप्पण्णाला वाचता आले असते. हा नुसता उभा राहून ओठ हलवत होता. तिप्पण्णानं "आं?" केलं. धोंडीराम पुन्हा तसंच बोलला. तिसऱ्यांदा तिप्पण्णानं मान हलवली. धोंडीराम बोलायचा थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

मग तो पुढे आला, तिप्पण्णाच्या कानाशी तोंड नेलं आणि शब्द तोडून तोडून ओरडला.

"इंजिन फुटलं. वळसंगच्या पल्याड. आत म्हातारं-म्हातारी हुती, त्यास्नी रस्त्यावर उतरवावं लागलं. मी त्या दिशी तुमाला इचारलं हुतं. म्हनलं, खालनं टकटक आवाज येतुया, बघायचा का? तुमी म्हनला, काय होत न्हाय."

हे सगळं त्याला ऐकू आलं. तळव्याला लागलेला तो ठोका त्याला आठवला. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग. आधीच्या तिप्पण्णाला झोपेतून उठवून ऐकवलं असतं तरी तो चुकला नसता.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

आपण हे किती मोठ्यानं बोललो, की नुसते ओठच हलवले, हे त्याला कळलं नाही. शेजारच्या शेडमधला कोणी वळून बघतोय का, म्हणून त्यानं तिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. मग धोंडीरामकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा राग गेला नव्हता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला उमगत नव्हतं.

"कवापासनं?" त्यानं हातानं खूण करत विचारलं.

"तीन-चार वर्षं झाली."

"घरात ठाव हाय?"

तिप्पण्णानं मान हलवली, आडवी.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आली. इंजिन उतरवलं तेव्हा बाजूला मूठ जाईल एवढं भोक होतं, रॉड मोडून तिथून बाहेर आला होता. तिप्पण्णानं दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीचं इंजिन आणलं आणि सगळं उघडून नवं जुनं करत बसवायला घेतलं. धोंडीरामला दुसरं काम नव्हतं. तो रोज सकाळी येऊन स्टुलावर बसे. पहिले दिवस तो राखणीला बसल्यासारखा बसला. बोलला नाही, चहाही घेतला नाही. पण इंजिन पहिल्यांदा चालू केलं, त्या दिवशी तिप्पण्णानं स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

"कानाला लावा. काय ऐकू येतंय?"

"आवाज येतुया की."

"कसा? जात्यागत घरघर, का सुताराच्या हातोडीगत?"

धोंडीरामनं डोळे मिटले. बराच वेळ ऐकून म्हणाला, "शिवनाच्या मशिनीगत."

"ते वॉल्व्ह. ते चांगलं. खाली लावा. आता?"

"काय न्हाय. गुमान हाय. पान्यात बुडल्यागत."

"मग झालं."

असं ते दोघं आठ-दहा दिवस ऐकत बसले. धोंडीराम आवाज आणून द्यायचा आणि तिप्पण्णा त्याचा अर्थ सांगायचा. कढईत मोहरी तडतडल्यागत, ओलं धोतर आपटल्यागत, कोंबडीनं दाणं टिपल्यागत. मध्येच कधीतरी महादेवी वळसंगला असते हेही तिप्पण्णाच्या बोलण्यात येऊन गेलं. त्या दिवसांत तिप्पण्णाला जेवण गोड लागलं. गाडी तयार झाली की हे संपणार, हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून शेवटचे दोन नट त्यानं जरा सावकाशच आवळले.

गाडी तापवून बघायला दोघं अक्कलकोट रोडनं निघाले. ज्वारी हुरड्याला आली होती. वळसंगचा फाटा आला तसा धोंडीरामनं वेग कमी केला आणि तोंड पूर्ण त्याच्याकडे वळवून विचारलं, "मालकीण हितंच असत्यात न्हवं?"

तिप्पण्णानं फाट्याकडे बघितलं. धोंडीरामनं गाडी आत घातली.

शिवप्पाच्या घराच्या ओट्यावर महादेवी सुपानं धान्य पाखडत होती. नवऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही. तिप्पण्णा अंगणात उभा राहिला. वाटेत त्यानं काही शब्द जुळवले होते, ते आता सापडेनात.

"मला ऐकू येत नाही," तो कानडीत म्हणाला. "तू इथं आलीस त्याच्या आधीपासून."

आतून शिवप्पा खोकत बाहेर आला आणि परत आत गेला. महादेवीचे हात थांबले. तिनं 'हळू बोला' अशी हातानं खूण केली. तो ओरडत होता हे त्याला तेव्हा कळलं. मग ती सुपाकडे बघत बोलायला लागली. मान खाली, तोंडावर पदराची सावली. तिप्पण्णा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मान वाकडी करून तिचं तोंड दिसतंय का बघू लागला.

"वर बघून सांग," तो म्हणाला. "खाली बघून बोललीस की जातं ते."

तिनं वर बघितलं. डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"जाऊ का म्हणून विचारलं होतं मी," ती म्हणाली. "दारात. तुम्ही मान हलवलीत."

"मला भाजीचं वाटलं."

 महादेवीनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि दोघांना जेवायला वाढलं. त्याच्याबरोबर ती त्या दिवशी आली नाही. सुगी पदरात पडल्याशिवाय मला निघता यायचं नाही, असं तिनं शिवप्पाकरवी सांगितलं. तिप्पण्णा गाडीत बसून परत आला. येताना धोंडीराम एकटाच बोलत होता आणि तिप्पण्णा बाहेर बघत होता.

सुगी झाल्यावर ती आली. गॅरेजच्या पाटीवर तोवर फक्त वायरिंग, डायनॅमो आणि सेल्फ एवढंच उरलं होतं. इंजिनचं काम त्यानं बंद केलं. गिऱ्हाइकं निम्म्यानं तुटली. ज्यांना कळलं त्यांतले काही पाठीमागून त्याच्याबद्दल बोलत आणि काही समोरूनच बोलत. धोंडीरामच्या फेऱ्या चांगल्या चालल्या. येता-जाता तो गाडी थांबवून हात करी, कधी उतरे, बहुतेक वेळा भाडं बसलेलं असे.

घरात महादेवी आता चूल सोडून समोर येऊन बसायची. गुडघ्यावर थाप मारून त्याला आपल्याकडे बघायला लावायची आणि मग बोलायची. तरी वर्ष-दोन वर्षांत उरलंसुरलंही गेलं. तिचा आवाज कसा होता, हे तो कामात हात चालवता चालवता आठवून बघे. कधी लागे, कधी लागत नसे.

एकदा त्यानं तिला विचारलं, त्या वर्षांत तू चुलीपुढे बसून एवढं काय बोलायचीस? तिनं आठवून आठवून काही सांगितलं. लेकीला पहिल्यांदा दिवस गेल्याचं, शेजारणीशी झालेलं भांडण, एकदा ताप अंगावर काढला होता ते. सांगता सांगता ती थांबली.

"बाकीचं?" त्यानं विचारलं.

"बाकीचं त्या त्या वेळचं होतं," ती म्हणाली, आणि भाकरी करपेल म्हणून उठली.